केकसाठी बरे हात

ब्रॅकिंग गावात एनिड थर्टलच्या केकला नावं ठेवणारा माणूस अजून जन्माला यायचा होता. सुगीचा सण असो, कुणाचं बारसं असो, नाहीतर कुणाला मातीत ठेवून आल्यावरचा चहा असो, शहाजिरं घातलेला तो पिवळाधमक केक टेबलावर आला की लोक म्हणायचे, "एनिड, हात आहेत की काय आहेत!" एनिड हसायची. चाळीस वर्षं हसत होती बिचारी. ते कौतुक पहिल्यांदा कुठून निघालं हे म्हणणाऱ्यांना आठवत नव्हतं. तिला आठवत होतं.

लग्न होऊन ती या गावात आली तेव्हा तिचा नवरा हॉरेस चर्चच्या मनोऱ्यातल्या घंटावाल्यांचा मुखिया होता, वयानं सगळ्यांत लहान असून. मनोऱ्यात सहा घंटा, एकेकीचा एकेक दोर, आणि खाली गोल करून उभी सहा माणसं. नव्या नवरीला हौस आली. "मलाही शिकव की," म्हणाली. हॉरेसनं दोर हातात दिला, दोन शब्द सांगितले, आणि तिनं होता नव्हता तेवढा जोर लावून ओढला. आता घंटा म्हणजे काही विहिरीतली बादली नव्हे. ती वर उलटी उभी राहते, तोंड आभाळाकडे करून, आणि तिला तिथे अलगद आणून टेकवायची असते. एनिडनं ओढली ती ओढलीच. घंटेला अडवणारं वरचं लाकूड काडकन मोडलं, दोर सरसर वर पळाला, दोराबरोबर एनिड हातभर उचलली गेली आणि धपकन खाली बसली. लागलं फारसं नाही. पण त्या संध्याकाळी पबमध्ये हॉरेस म्हणाला, "आमच्या एनिडचे हात आपले केकसाठीच बरे!" सगळा पब खो खो हसला. एनिडही हसली. दुसरं काय करणार? तेव्हापासून दर मंगळवारी सरावाच्या वेळी ती मनोऱ्याखालच्या खोलीत चहाची किटली आणि केक घेऊन बसू लागली. वर नवरा घंटा वाजवायचा, खाली ही कप मांडायची. दोराला तिनं पुन्हा बोट लावलं नाही.

हॉरेस माणूस वाईट नव्हता हो. पण घंटांपुढे त्याला बायको, जेवण, आजार, काही दिसत नसे. अर्ध्या परगण्याला त्यानं वाजवायला शिकवलं. गवंडी, शिक्षक, एक तर डोळ्यांनी अधू असलेला सुतार, सगळे त्याच्या हाताखालून गेले. "शिकणं काही अवघड नसतं," असं तो म्हणायचा, "माणसं शिकतात चुकीचं, म्हणून अवघड होतं." एवढ्या जगाला शिकवणाऱ्यानं घरातल्या बाईला मात्र एकदाच दोर दिला, आणि तोही हसण्यासाठी.

मग त्याची फुप्फुसं गेली. जिना चढणं बंद झालं, मग गल्ली ओलांडणं बंद झालं, आणि त्या वर्षीच्या सुगीनंतर पलंग खाली पुढच्या खोलीत आणला. तिथल्या खिडकीतून समोरच चर्चचा मनोरा दिसायचा. हॉरेसची मोठी घंटा मॅल्कमनं घेतली. मॅल्कम म्हणजे सायकली दुरुस्त करणारा, हॉरेसचा पट्टशिष्य. बाकीचे एकेक सरकले आणि दुसरी घंटा रिकामी राहिली. पाचच घंटा वाजायच्या, दात पडलेल्या तोंडानं बोलावं तशा. हॉरेस उशीत डोकं खुपसायचा.

"मागून आणा की कुणीतरी," एनिड म्हणाली, "पलीकडच्या गावात रग्गड आहेत."

"उसना माणूस नको." हॉरेसला एका वाक्यात दोनदा दम खावा लागे. "आपल्या गावच्या सहा जणांनी... एक फेर... अखंड. तेवढं ऐकलं ना एनिड, मग जायला माझी ना नाही."

फेर म्हणजे पाऊण तासाचं वाजवणं. घंटांचा क्रम प्रत्येक टोल्याला बदलत जातो, तो कसा बदलायचा हे आधीच ठरलेलं असतं, आणि मनोऱ्यात कागद न्यायची बंदी. सगळं डोक्यात. मध्ये एकाचं जरी बिनसलं आणि सावरता आलं नाही, तर मुखिया "थांबा" म्हणतो आणि सगळं तिथेच संपतं. मग चाळीस मिनिटं झालेली असोत की दोन. मोडलेला फेर झालाच नाही असं धरायचं, त्याबद्दल बोलायचंसुद्धा नाही, अशी आमच्याकडे रीत आहे. कोट घालून मुकाट्यानं घरी जायचं.

पुढच्या मंगळवारी एनिडनं मॅल्कमला चहा दिला आणि कप त्याच्या हातात असतानाच म्हणाली, "दुसऱ्या घंटेवर मी उभी राहते. मला शिकव."

मॅल्कमला ठसका लागला. "तू? अगं, हॉरेस काय म्हणेल?"

"हॉरेसला कळायचं नाही. कुणी बोललात तर चहा बंद."

"चहा बंद म्हणजे सरावच बंद," सिरिल म्हणाला. सिरिल हा मॅल्कमचा मेहुणा, चौथ्या घंटेवाला. सगळे हसले, पण शब्द दिला आणि पाळलाही.

नवऱ्याला अचानक खूश करायचं, असं तिनं सगळ्यांना सांगितलं. स्वतःलाही तेच सांगितलं. पण खरं कारण वेगळं होतं आणि ते तिला कणीक मळताना, कपडे वाळत घालताना टोचत राहायचं: जमलं नाही तर ते हॉरेसला कळू नये. पुन्हा एकदा त्या पबमधलं हसणं नको होतं तिला. आयुष्यभर एका छताखाली राहिलेली बाई, आणि नवऱ्यापुढे न येणं दाखवायची तिची छाती नव्हती. शिकणाऱ्याला आधी न येणंच दाखवावं लागतं, तिथेच तर सगळं अडतं!

पहिले महिने घंटेच्या आतला लोलक बांधून ठेवून सराव झाला, आवाज नाही काही नाही. या खेपेला हात ऐकू लागले. दिवाळं निघालेल्या दुकानात अचानक गिऱ्हाईक यावं तशी ती हरखली. साठी ओलांडलेली बाई, पण घंटा अलगद टेकवू लागली. मग मॅल्कमनं तिला दुसऱ्या घंटेचा रस्ता समजावला. कितव्या जागी वाजायचं, मग कितव्या, मग कितव्या. रचनाही त्यानं अशी बेतली की वाकडी वळणं इतरांच्या वाट्याला जावीत आणि दुसऱ्या घंटेला तोच तो रस्ता पुन्हापुन्हा चालायचा राहावा. गुरूवर आणि गुरूच्या बायकोवर त्याचा जीव होता.

एनिडनं तो रस्ता पाठ केला. पाठ म्हणजे कसा? विणकामाचे टाके पाठ करतात तसा. बटाटे सोलताना "तिसरी, चौथी, पाचवी, पाचवी, चौथी," चादर झटकताना "दुसरी, पहिली, पहिली." स्वयंपाकघरातल्या फरशांवर ती त्या क्रमानं पावलं टाकायची. सुरुवातीपासून सुरुवात केली की शेवटपर्यंत गाडी सुसाट. दर वेळी बरोबर यायचं आणि दर वेळी तिला वाटायचं, आलं मला, आलं!

जानेवारीत पहिल्यांदा लोलक सोडला आणि सहाही घंटा वाजल्या. एनिड किटली घेऊन घरी आली तर हॉरेस उशा लावून ताठ बसलेला.

"दुसरीवर कोण होतं?"

तिची गाळण उडाली. "अं... ते नवे बंगले झालेत ना, तिथे निवृत्त होऊन राहायला आलेत. पर्सिव्हल म्हणून."

हे नाव तिला कुठून सुचलं देव जाणे. पर्सिव्हल नावाचा कुत्रासुद्धा तिच्या ओळखीचा नव्हता.

"गावात राहतो ना? मग आपलाच झाला." हॉरेसच्या तोंडावर कित्येक महिन्यांनी रंग आला. आणि लगेच तोंडही सुटलं. "पण गाढव आहे एनिड. मोजतोय तो. बघत नाही. डोळे मिटून मोजतोय."

"तुला इथून कसं कळतं?"

"कळतं! मोजणारा माणूस इतरांपेक्षा एक केसभर मागे असतो. आधी आकडा म्हणतो, मग ओढतो. सांग त्याला, मान वर कर, दोर बघ. कोण खाली येतोय त्याच्या मागे जायचं."

एनिडनं भांडी घासायला घेतली. नळ मोठा सोडला आणि पाठमोरी राहून डोळे पुसले. अपमानानं का आनंदानं, तिलाही सांगता आलं नसतं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा तो तिला शिकवत होता.

मग ते एक वेडच लागलं. मंगळवार झाला की ती घरी येऊन कोट काढायच्या आधी विचारायची, "काय म्हणतोय आमचा पर्सिव्हल?" आणि हॉरेस त्या न जन्मलेल्या माणसाची सालटी काढायचा. "आज शेवटी ढेपाळला. थकेपर्यंत वाजवतो मूर्ख. सांग त्याला, थोडं वाजव, चांगलं चाललंय तोवरच सोड, झोप काढ आणि उद्या परत ये. रात्रभरात डोकं आपलं आपण लावून ठेवतं." एनिड तसं करायची. "कागद समोर ठेवून शिकतोय वाटतं. म्हणावं, कागद उलटा टाक आणि आधी आठव. चुकलास तरच सुलटा कर. आठवताना जो घाम येतो ना, तेवढंच अंगी लागतं." एनिड तेही करायची. "नुसता आपला दोर ओढत बसू नको म्हणावं. एखाद्या मंगळवारी दुसऱ्याच्या मागे उभा राहा आणि बघ." तेही केलं. मार्चपर्यंत हॉरेसच्या शिव्या कमी झाल्या. "सुधारतोय गाढव, घरी घेऊन ये त्याला," एकदा म्हणाला, आणि एनिडनं त्या रात्रीच्या सूपमध्ये दोनदा मीठ घातलं.

एकच गोष्ट ती करत नव्हती. हॉरेस ओरडायचा, मॅल्कम समजावायचा, पण नाही.

"मधूनच सुरू कर," मॅल्कम म्हणायचा. "मी कुठूनही हाक देईन, तिथून पुढे चाल. मी मुद्दाम घोटाळा करीन, तू सावर."

"सुरुवातीपासून बरोबर येतंय ना? मग मध्ये कशाला काड्या घालतोस?"

"अगं, पोपटाला मध्ये अडवलं की तो पुन्हा पहिल्या शब्दापासून सुरू करतो. तशी गत नको व्हायला."

दोन-चारदा तिनं करून पाहिलं. मधून सुरू केलं की सगळं अंधारात गेल्यासारखं व्हायचं आणि आपल्याला काहीच येत नाही असं वाटायचं. ते वाटणं तिला सोसत नसे. म्हणून ती पुन्हा पहिल्यापासून घोकू लागायची. घोकलं की कसं गुळगुळीत, छान. जिथे दुखतं तिथेच शेकायचं असतं, पण दुखऱ्या जागेला हात कोण लावून घेतो?

एप्रिलमध्ये एक दुपार अशी आली की सगळं वेगळं होऊ शकलं असतं. हॉरेसला जरा बरं वाटत होतं. चहा पिता पिता म्हणाला, "त्या पर्सिव्हलला बायको आहे का?"

"आहे," एनिड म्हणाली.

"मग तिला समजावून सांग म्हणावं. जिला काही म्हणता काही कळत नाही तिला समजावता आलं, की आपल्याला आलं. मी नेहमी सांगायचो पोरांना."

कप खाली ठेवून एनिड म्हणाली, "तू मला सांग. मी त्याला सांगीन."

"तुला?" हॉरेस हसायला गेला आणि खोकला. पण मग काय वाटलं कोण जाणे, म्हणाला, "चमचे आण."

मोठी घंटा दर वेळी शेवटीच वाजते, म्हणून ती सोडून पांघरुणावर त्यानं पाच चमचे मांडले आणि एकेक उचलून पुढेमागे करू लागला. ती एक दुपार! त्याच्या त्या निळसर पडलेल्या बोटांनी चमचे सरकत होते, आणि एनिडला पहिल्यांदाच आकड्यांऐवजी काहीतरी दिसू लागलं. हा याच्या मागून येतो, याला वाट देतो, पुन्हा आत शिरतो. वेणी घालावी तसं. वेणी मधून सुटली तरी पेडांकडे बघून पुन्हा घालता येतेच की! तिचं बोट आपोआप पुढे झालं आणि तिनं दुसरा चमचा अचूक जागी सरकवला.

हॉरेस तिच्याकडे बघतच राहिला. "तुला कसं कळलं?"

आता सांगावं. आत्ता. तोंड उघडलंही तिनं.

"नशीब एकेकाचं," तो चमचे गोळा करत म्हणाला. "चुकून लागला निशाणा. काय ते लाकूड मोडलं होतंस गं! पब आठवतोय? हसून हसून मेलो होतो आम्ही." आणि तो खरंच हसला, प्रेमानंच हसला, आणि हसता हसता खोकल्याची अशी उबळ आली की चमचे खाली पडले आणि एनिड पाठ चोळत बसली. पुन्हा चमचे काढायला तिनं सांगितलं नाही. त्यालाही दम उरला नव्हता. वेणीचं ते दिसणंही दोन दिवसांत विरलं आणि ती आपल्या आकड्यांकडे परत गेली.

फेर ठरला मे महिन्यातल्या एका रविवारी दुपारी. एनिडनं हॉरेसची दाढी केली, स्वच्छ सदरा घातला, खिडकी सताड उघडली. तो लग्नातल्यासारखा बसला होता. "तू जा चहाला," म्हणाला, "आणि पर्सिव्हलला सांग, मान वर."

"सांगते."

घंटा सुरू झाल्या. ऐकणाऱ्यांनी पुढे सांगितलं की ब्रॅकिंगच्या घंटा इतक्या एकसारख्या कित्येक वर्षांत वाजल्या नव्हत्या. एनिडचे ओठ हलत होते. तिसरी, चौथी, पाचवी, पाचवी, चौथी. अर्धा वेळ गेला. त्याच्याही पुढे गेला. मॅल्कमनं तिच्याकडे बघून हळूच मान हलवली, आलं हं, थोडंच राहिलं. खिडकीतला हॉरेस तिला दिसत नव्हता, पण सगळा वेळ डोळ्यांपुढे तोच होता. आता घरी जायचं, कोट काढायचा, आणि म्हणायचं, हॉरेस, पर्सिव्हल मी.

तेवढ्यात चौथ्या घंटेवर सिरिलची जागा चुकली. एकच टोला. असं होतंच, जुन्या वाजवणाऱ्यांना त्याचं काही नसतं. बाकीच्यांनी दोर बघितले, एकानं वाट दिली, सिरिल परत आत शिरला. पण एनिडच्या कानावर भलत्या ठिकाणी भलता टोला आदळला आणि ओठांवरचा आकडा पुसला गेला. चौथी म्हटली का मी? की पाचवी? तिनं मान वर केली. पाच दोर वरखाली होत होते, आणि तिला ते नुसते दोर दिसले. "एनिड, मॅल्कमच्या... नाही, माझ्या मागे ये!" सिरिल ओरडला. "बाहेर जा, पाचव्या जागी!" मॅल्कम ओरडला. तिला फक्त पहिल्यापासून येत होतं. आणि पहिल्यापासून कुणी सुरू करू देत नव्हतं. तिनं ओढला, चुकीचा ओढला, पुन्हा ओढला. घंटा एकमेकींवर आपटू लागल्या, भांड्यांची फळी कोसळावी तसा आवाज गावभर गेला.

"थांबा," मॅल्कम म्हणाला.

दोर बांधले. कुणी काही बोललं नाही. रीतच तशी. सिरिलनं तिच्यापुढे येऊन टोपी हातात फिरवली आणि तसाच खाली उतरून गेला.

ती गल्ली ओलांडून घरी आली. हॉरेस भिंतीकडे तोंड करून पडला होता. स्वच्छ सदऱ्याची कॉलर मानेला काचत होती, ती तिनं सैल केली.

"इतकं जवळ आलं होतं," तो भिंतीला म्हणाला.

"हो."

"दुसरीनं घालवलं. मोजत होता. शेवटपर्यंत मोजतच होता." मग दम खाऊन म्हणाला, "सांग त्याला, नको येऊस आता. वाईट वाटून घेऊ नको म्हणावं. काहींचे हात नसतातच त्यासाठी. त्याचे बागेसाठी असतील. तुझे कसे केकसाठी आहेत."

एनिड पलंगाच्या कडेला बसली होती. दोरानं तिचे तळवे लाल झाले होते. ते तिनं एप्रनखाली घेतले.

"सांगते," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मॅल्कम मागच्या दारानं आला. "येत्या रविवारी परत करू. एनिड, ऐक माझं. सिरिल घसरला म्हणून झालं ते. तू होतीस की बरोबर."

"मला सावरता आलं नाही."

"मग सावरायला शिकू. मधून सुरू करू. चार दिवस पुरतील."

"पर्सिव्हल येणार नाही," एनिड म्हणाली. "त्याला नको म्हणून सांगितलंय." आणि तिनं दार लावून घेतलं. मॅल्कम पायरीवर उभाच होता. आतून तिला त्याची सावली दिसत होती आणि सावली हलेपर्यंत ती दाराला टेकून राहिली.

पंधरवड्यानं हॉरेस गेला. शेवटचे दोन-तीन दिवस बोलणं जवळजवळ नव्हतंच. एकदा रात्री एनिडला जाग आली तेव्हा पांघरुणावर त्याची बोटं हलत होती, पुढेमागे, पुढेमागे. ती बघत राहिली. "हॉरेस," तिनं हाक मारली, "मी होते रे ती." त्याला झोप लागलेली होती.

त्याला पोचवलं त्या दिवशी घंटा वाजायलाच हव्या होत्या. अशा वेळी लोलकाला एका बाजूनं चामडं बांधतात. एक टोला खणखणीत पडतो आणि दुसरा लांबून आल्यासारखा. मॅल्कमनं आदल्या दिवशी तिला विचारलं नाही, नुसता दारात उभा राहिला. एनिड म्हणाली, "मला केक करायचेत." मग दुसऱ्या घंटेवर पलीकडच्या गावचा एक माणूस आणला, रोलंड नावाचा. उसना. हॉरेसच्या शेवटच्या घंटा उसन्या माणसानं वाजवल्या, आणि फार सुरेख वाजवल्या. एनिड कबरीपाशी उभी होती. आता कुणी मोजत नव्हतं. दुसरी घंटा वेणीतल्या पेडासारखी आत-बाहेर करत होती, आणि एनिडला ती कुठे जाणार हे प्रत्येक टोल्याच्या आधी कळत होतं. मधूनच ऐकायला लागली होती, तरी कळत होतं. आत्ता! देवा, आत्ता का रे?

मग हॉलमध्ये चहा. हॅमचे सँडविच, शहाजिऱ्याचा केक. एनिड स्वतः ताटं फिरवत होती, "बस गं" म्हटलं तरी बसत नव्हती. नव्या पाद्रीबाई आल्या. पाच गावांचं एकटीला बघावं लागे, त्यामुळे कोण कुठे राहतं आणि मनोऱ्यात कोण चढतं हे त्यांना धड ठाऊक नसे. शेवटच्या आठवड्यात मात्र त्या हॉरेसपाशी दोनदा येऊन बसल्या होत्या. त्या सरळ रोलंडपाशी गेल्या आणि त्याचा हात दोन्ही हातांत घेतला.

"दुसऱ्या घंटेवर तुम्हीच ना? पर्सिव्हल? तुम्हाला एक निरोप द्यायचाय. हॉरेसनं सांगितलेला."

एनिडच्या हातातलं ताट तिथेच थांबलं.

"तो म्हणाला, मी पडल्या पडल्या तो सगळा फेर पुन्हा ऐकला मनात. चूक चौथीची होती. दुसरी बरोबर होती तोपर्यंत. म्हणाला, मी रागाच्या भरात फार लागेल असं बोललो. त्या माणसाला म्हणावं, इतक्या उशिरा शिकायला लागून इतकं कुणी शिकलेलं मी पाहिलं नाही. त्यानं सोडू नये." पाद्रीबाईंचे डोळे भरून आले होते. "आणि म्हणाला, मला तो एकदा बघायचा होता. एनिडला दहादा सांगितलं, घेऊन ये. ती आणतच नाही."

रोलंड गोंधळून गेला. "अहो, मी रोलंड. मी तर आज पहिल्यांदाच आलोय या गावात."

"असं?" पाद्रीबाईंनी इकडेतिकडे पाहिलं. "मग ते कुठे आहेत, पर्सिव्हल?"

सिरिल कपात बघत होता. मॅल्कम उठला, त्यानं तोंड उघडलं, आणि एनिडनं त्याच्याकडे असं पाहिलं की तो तसाच खाली बसला.

"गेला तो," एनिड म्हणाली. "गाव सोडून गेला. आता नाही यायचा." आणि तिनं ताट पुढे केलं. "केक घ्या ना."

पाद्रीबाईंनी तुकडा उचलला, एक घास खाल्ला, आणि त्यांचा चेहरा खुलला.

"मिसेस थर्टल, तुमच्या हातांना खरंच तोड नाही हो!"